गेविस–बालान : पाच हंगामांचा इटालियन सायकल संघ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली की कुणीतरी मला तोच जुना व्हिडिओ पाठवतं. बेल्जियममधला रस्ता, एकाच संघाच्या जर्सीतले तिघे जण, आणि मागे दूरवर कुणीच नाही. सोबत एकच प्रश्न असतो : "हे खरं आहे का?" त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही. शिवाय एका उत्तरातून पुढचे चार प्रश्न निघतात. म्हणून सगळे एकत्र घेतले आहेत.

गेविस–बालान म्हणजे नक्की काय?

इटलीचा एक व्यावसायिक रोड सायकलिंग संघ. १९९३ साली तो मेकेअर–बालान या नावानं उतरला. १९९४ आणि १९९५ मध्ये त्याचं नाव गेविस–बालान होतं, १९९६ मध्ये गेविस–प्लेबस आणि १९९७ मध्ये बातिक–डेल मोंटे. तिथे गोष्ट संपते. संघाची सूत्रं एमान्युएले बोंबिनी या माजी सायकलपटूकडे होती. पाच हंगामांपैकी लोकांच्या लक्षात राहिला तो १९९४ चा, आणि त्यातही मार्च-एप्रिलमधले जेमतेम पाच-सहा आठवडे.

नाव इतक्या वेळा का बदललं?

कारण सायकलिंगमध्ये नाव संघाचं नसतंच, ते पैसे देणाऱ्याचं असतं. या खेळाला स्टेडियम नाही, तिकीट नाही. शर्यत सार्वजनिक रस्त्यावरून जाते, लोक आपल्या दारात खुर्ची टाकून फुकट बघतात. त्यामुळे संघाचा खर्च चालतो तो जर्सीवर नाव छापून घेणाऱ्या कंपनीच्या पैशावर. कंपनीनं हात काढला की नाव जातं, पुष्कळदा संघही जातो.

गेविस ही बर्गामोजवळच्या चेनाते सोत्तो गावची विजेचं साहित्य बनवणारी कंपनी. बालान गॅरेजची दारं बनवते. म्हणजे आपल्याकडे स्विचबोर्डवाल्यानं आणि शटरवाल्यानं मिळून संघ काढावा, तसा हा प्रकार. त्या काळचं इटालियन सायकलिंग असंच चालायचं : फरशा, स्वयंपाकघराचं फर्निचर, कॉफी मशीन बनवणारे उत्तर इटलीतले उद्योजक हौसेनं यात पैसा घालायचे. फुटबॉल बघणाऱ्यांना गेविस हे नाव वेगळ्या कारणानं माहीत असेल. बर्गामोच्या अटलांटा क्लबचं मैदान काही वर्षं गेविस स्टेडियम म्हणून ओळखलं जात होतं.

संघात कोण कोण होते?

सगळ्यात मोठं नाव मोरेनो अर्जेंतिन. १९८६ चा विश्वविजेता, लिएज–बास्तोन–लिएज ही शर्यत चार वेळा जिंकलेला. १९९४ मध्ये तो ३३ वर्षांचा होता आणि कारकीर्द आवरायच्या बेतात होता. त्याच्या खालोखाल २८ वर्षांचा जॉर्जो फुर्लान. आणि २३ वर्षांचा, सोनेरी केसांचा येवगेनी बेर्झिन. हा मूळचा रशियातल्या व्हिबोर्गचा. सोव्हिएत संघाकडून ट्रॅकवर १९९० साली हौशी गटात पर्स्यूट प्रकारात जगज्जेता झालेला, आणि देशच नाहीसा झाल्यावर नशीब काढायला इटलीत आलेला.

लॅटव्हियाच्या रीगाचा प्योत्र उग्रुमोव आणि सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कचा व्लादिस्लाव बोब्रिक हेही त्याच लाटेतले. सोव्हिएत क्रीडायंत्रणेत घडलेले पण व्यावसायिक शर्यतींना नवखे असे असंख्य सायकलपटू तेव्हा इटालियन संघांना मिळाले. डेन्मार्कचा ब्यार्ने रीस १९९४ मध्ये आला, बंद पडलेल्या आरिओस्तेआ संघातून. फुर्लानही तिथूनच आला होता. शिवाय इव्हान गोत्ती, निकोला मिनाली, ब्रूनो चेंगियाल्ता, आल्बेर्तो व्होल्पी, आणि पुढे गाब्रिएले कोलोंबो आणि स्तेफानो झानिनी.

१९९४ च्या त्या वसंतात झालं तरी काय?

क्रमानं सांगतो, कारण मजा क्रमातच आहे. मार्चमध्ये फुर्लाननं तिरेनो–ॲड्रिॲटिको ही अनेक दिवस चालणारी टप्प्यांची शर्यत जिंकली. लगेच १९ मार्चला मिलान–सान रेमो. जवळपास ३०० किलोमीटरची ही शर्यत शेवटी समुद्राकाठच्या पोज्जो नावाच्या छोट्या चढावर ठरते. फुर्लान तिथे निसटला आणि मागून सुसाट येणाऱ्या मारिओ चिपोल्लिनीच्या हाती लागला नाही. त्यानंतर क्रितेरियम इंटरनॅशनलही त्याचीच. १७ एप्रिलला लिएज–बास्तोन–लिएज : बेर्झिन एकटा पळाला आणि दीड मिनिटाहून जास्त फरकानं जिंकला. दुसरा आला तेव्हाचा विश्वविजेता लान्स आर्मस्ट्राँग, तिसरा पुन्हा फुर्लान. हे नाव ध्यानात ठेवा, आर्मस्ट्राँगचं.

तीन दिवसांनी, बुधवारी २० एप्रिलला, ला फ्लेश वालोन.

हो, तीच! व्हिडिओतली शर्यत. तिच्यात काय घडलं?

ला फ्लेश वालोनचा शेवट बेल्जियममधल्या वी या गावच्या चढावर होतो. त्या चढाचं नावच 'भिंत' : मुर द वी. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, पण मधल्या वळणावर चढ इतका उभा की पुढचं चाक उचलल्यासारखं वाटतं. कडेनं छोटी छोटी प्रार्थनामंदिरं आहेत, आणि सायकलवर बसून तिथे पोहोचलेल्या माणसाला त्यांची गरज पडते. शर्यत ही भिंत एकाच दिवशी अनेकदा चढते.

त्या दिवशी शेवट अजून सत्तरेक किलोमीटर दूर होता. भिंतीवर गेविसचे तिघे पुढे आले : अर्जेंतिन, फुर्लान, बेर्झिन. त्यांनी कुठला मोठा हल्ला केला असंही दिसत नाही. ते आपल्या वेगानं चढत राहिले आणि वर पोहोचल्यावर कळलं की मागे कुणी नाही. मग तिघांनी आळीपाळीनं वारा कापत उरलेलं सगळं अंतर काढलं, फरक वाढवत नेला, आणि शेवटच्या भिंतीवर आपसांत क्रमांक वाटून घेतले : अर्जेंतिन पहिला, फुर्लान दुसरा, बेर्झिन तिसरा. अर्जेंतिनची ही तिसरी फ्लेश. त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

एकाच संघाचे तिघे पहिल्या तीनांत, हे इतकं अशक्य आहे का?

तसं अशक्य नाही. १९९६ च्या पॅरिस–रुबेमध्ये मापेई संघाच्या तिघांनी तेच केलं, आणि पुष्कळ जण या दोन शर्यतींची गल्लत करतात. खटकतं ते वेगळं.

सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे आडोशाला राहिलं की मेहनत खूप कमी होते. म्हणून मोठा जथा नेहमी छोट्या टोळीपेक्षा वेगवान असतो : शंभर जणांना नेतृत्व वाटून घेता येतं, तिघांना येत नाही. सत्तर किलोमीटर आधी पळालेले तिघे शेवटी पकडले जाणार, हा हिशेब लहान मूलही सांगेल. क्वचित जथ्यातले संघ एकमेकांवर ढकलत बसतात, "तू ओढ, मी का ओढू" म्हणतात, आणि पळालेले निसटतात. पण त्या दिवशी पाठलाग झाला. फरक तरी वाढतच गेला.

फ्लेश हा काही उन्हाळ्यातला रविवारचा फेरफटका नव्हे. तिथे जगातले सर्वोत्तम चढाईपटू असतात. तेव्हाच बघणाऱ्यांना वाटलं, की कुठेतरी पाणी मुरतंय.

संत्र्याच्या रसाचा किस्सा काय आहे?

संघाचे डॉक्टर होते मिकेले फेरारी, फेरारा विद्यापीठातल्या फ्रान्चेस्को कोंकोनी यांच्या तालमीत तयार झालेले. फ्लेशनंतर पत्रकारांनी त्यांना गाठलं आणि ईपीओबद्दल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाबद्दल, थेट विचारलं. फेरारींनी सांगितलं की आपण ते कुणाला देत नाही, पण कुणी घेतलं तर आपल्याला त्यात गहजब करण्यासारखं काही वाटत नाही. मग पुढची पुस्ती जोडली : ईपीओ धोकादायक नाही, त्याचा अतिरेक धोकादायक आहे, आणि दहा लिटर संत्र्याचा रस पिणंही धोकादायकच आहे.

हे लेकिप या फ्रेंच दैनिकात छापून आलं आणि आग भडकली. गेविसनं फेरारींशी संबंध तोडले. निदान जाहीरपणे.

योगायोग बघा : तीन वर्षांनी याच संघाच्या जर्सीवर शेवटचं नाव आलं ते डेल मोंटे, जे जगभर डबाबंद फळं आणि फळांच्या रसासाठी ओळखलं जातं. हे कुणी मुद्दाम केलं असतं तर फार ओढूनताणून वाटलं असतं.

हे फेरारी म्हणजे गाड्यांवाले का?

नाही. इटलीत फेरारी हे आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखं, गावोगाव सापडतं.

ईपीओ म्हणजे काय? आणि तेव्हा पकडलं का जात नव्हतं?

एरिथ्रोपोएटिन. आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक, जे हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी बनवायला सांगतं. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना ते तयार होत नाही आणि कायमचा पंडुरोग जडतो. त्यांच्यासाठी १९८० च्या दशकाअखेरीस ते प्रयोगशाळेत बनवलेल्या इंजेक्शनच्या रूपात बाजारात आलं. डायलिसिसवरच्या लाखो लोकांचं आयुष्य त्यानं सुधारलं, हे विसरायला नको.

निरोगी सायकलपटूनं तेच टोचलं तर तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो, आणि जिथे पाय जड व्हायला हवेत तिथे ते होत नाहीत. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के हे सांगणाऱ्या आकड्याला हेमॅटोक्रिट म्हणतात. निरोगी पुरुषाचा तो साधारण चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असतो. तो फार वाढला की रक्त दाट होतं आणि गुठळ्यांचा धोका असतो.

ईपीओवर बंदी होती, पण शरीरातलं आणि इंजेक्शनमधलं ईपीओ वेगळं ओळखायची चाचणी नव्हती. ती आली २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या सुमारास. तोवर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं १९९७ मध्ये एक तडजोड काढली : हेमॅटोक्रिट ५० च्या वर गेला की दोन आठवडे घरी बसा. दोषी ठरवणं नाही, फक्त 'तब्येतीच्या कारणानं' विश्रांती. परिणाम असा झाला की ४९ हा आकडा लोकप्रिय झाला.

१९९४ मध्ये ही मर्यादाही नव्हती. तेव्हा वरचं टोक ठरवणारं होतं ते फक्त हृदय.

बेर्झिननं खरंच इंदुराइनला हरवलं होतं?

हरवलं, तेही जिरो दि इटालियात, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत. मिगेल इंदुराइन तेव्हा तीन टूर आणि लागोपाठ दोन जिरो जिंकून आला होता, त्याला टप्प्यांच्या शर्यतीत कुणी हात लावू शकेल असं कुणाला वाटत नव्हतं. १९९४ च्या जिरोत आधी अर्जेंतिननं एक टप्पा जिंकून आघाडीवरच्याला मिळणारी गुलाबी जर्सी घातली. चौथ्या टप्प्यावर कांपितेल्लो मातेसेच्या चढावर बेर्झिननं ती स्वतःकडे घेतली, आणि मग सोडलीच नाही. फोल्लोनिकाच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायचा टप्पा), म्हणजे इंदुराइनच्या हातखंडा प्रकारात, त्यानं इंदुराइनला अडीच मिनिटांच्या आसपास मागे टाकलं. पुढे पासो देल बोक्कोच्या घाटावरची टाइम ट्रायलही जिंकली.

अंतिम निकाल : बेर्झिन पहिला, २ मिनिटं ५१ सेकंदांनी मार्को पंतानी दुसरा, ३ मिनिटं २३ सेकंदांनी इंदुराइन तिसरा. जिरो जिंकणारा बेर्झिन हा पहिला रशियन. त्या जिरोतून लोकांच्या मनात मात्र राहिला पंतानी, मोर्तिरोलो घाटात सगळ्यांना सोडून गेलेला चोवीस वर्षांचा पोरगा. जिंकलेल्यापेक्षा दुसरा आलेला लक्षात राहावा, हे बेर्झिनच्या नशिबीच होतं.

आणि उग्रुमोव? त्याचं नाव कुणी घेत नाही.

घ्यायला हवं. १९९३ च्या जिरोत ओरोपाच्या चढावर त्यानं इंदुराइनला मागे टाकलं होतं, आणि शेवटी अवघ्या ५८ सेकंदांनी तो दुसरा आला. १९९४ च्या टूरमध्ये शेवटच्या आठवड्यात त्यानं आल्प्समधले दोन टप्पे लागोपाठ जिंकले, क्लूझचा आणि आव्होरियाझचा, आणि पुन्हा दुसरा आला, पुन्हा इंदुराइनच्या मागे. तेव्हा त्याचं वय ३३. गप्प, चेहऱ्यावर काही न दाखवणारा माणूस.

१९९५ चा वेगाचा विक्रम कुठला?

टूर द फ्रान्समधली सांघिक टाइम ट्रायल, मायेन ते आलांसाँ, ६७ किलोमीटर. गेविस–बालाननं ती ताशी ५४.९३० किलोमीटरच्या सरासरीनं जिंकली. हा विक्रम दहा वर्षं टिकला. २००५ मध्ये तो मोडला डिस्कव्हरी चॅनल संघानं, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या संघानं. एक विक्रम दुसऱ्यानं पुसला आणि दोन्हींकडे बघताना आज एकच शंका येते.

त्या टूरमध्ये गोत्तीनं दोन दिवस आणि रीसनं एक दिवस आघाडीवरच्याची पिवळी जर्सी घातली. रीस शेवटी तिसरा आला.

बेर्झिन आणि उग्रुमोव यांचं भांडण होतं का?

१९९५ च्या जिरोत ते सगळ्यांसमोर आलं. स्वित्झर्लंडचा टोनी रोमिंगर आघाडीवर होता, आणि त्याला गाठायचं सोडून हे दोघे एकमेकांवरच हल्ले करत राहिले. एका म्यानात दोन तलवारी. रोमिंगर आरामात जिंकला, बेर्झिन दुसरा, उग्रुमोव तिसरा. संघ एकदिलानं चालला असता तर निकाल वेगळा लागला असता का? मला नाही वाटत, रोमिंगर त्या वर्षी फारच वर होता. पण ते बघायला वाईट वाटायचं. एका वर्षापूर्वी तिघे जण क्रमांक वाटून घेत होते, आणि आता दोघांत एक जर्सी वाटता येईना.

कुणी पकडलं गेलं का?

त्या हंगामांतल्या विजयांबद्दल, चाचणीत सापडून : नाही. बाकी हळूहळू बाहेर आलं.

१९९९ मध्ये वृत्तपत्रांनी संघातल्या अनेकांच्या हेमॅटोक्रिटचे आकडे छापले, एक हिवाळ्यातला आणि एक १९९५ च्या हंगामातला. छापलेल्या तक्त्यात रीसचा आकडा ४१.१ वरून ५६.३ वर, तर उग्रुमोवचा ३२.८ वरून ६० वर गेलेला दिसतो. कायद्याच्या भाषेत हा डोपिंगचा पुरावा नाही. पण कडक सराव करणाऱ्याच्या रक्तातला हा आकडा हंगामात सहसा खाली येतो, वर जात नाही. डॉक्टर मित्राला हे आकडे नाव न सांगता दाखवले, तर तो म्हणाला, "पेशंट आहे कुठे, ॲडमिट केलाय का?"

रीसनं मे २००७ मध्ये पत्रकार परिषद घेऊन १९९३ ते १९९८ या काळात ईपीओ घेतल्याचं स्वतः कबूल केलं. गेविसमधली दोन्ही वर्षं त्यात येतात, आणि १९९६ मध्ये टेलिकोम संघाकडून जिंकलेली टूरही. पिवळी जर्सी घरी खोक्यात पडली आहे, हवी तर येऊन घेऊन जा, असंही तो तेव्हा म्हणाला.

बेर्झिनला २००० च्या जिरोत सुरुवातीलाच ५० च्या वर आकडा आल्यानं परत पाठवलं. तोवर गेविस संपून तीन वर्षं झाली होती.

फेरारींवर बोलोन्यात खटला चालला. २००४ मध्ये ते दोषी ठरले, २००६ मध्ये अपिलात तो निकाल उलटला. गेविसनंतर त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्राहक झाला आर्मस्ट्राँग, तोच जो लिएजमध्ये बेर्झिनच्या मागे दुसरा आला होता. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगच्या डोपिंग प्रकरणात अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं फेरारींवर आजन्म बंदी घातली.

मग निकाल रद्द झाले का?

नाही. फ्लेश, लिएज, सान रेमो, जिरो, सगळं जसंच्या तसं नोंदलेलं आहे. बोब्रिकनं ऑक्टोबर १९९४ मध्ये जिंकलेली जिरो दि लोंबार्दिया ही एका दिवसाची शर्यतही. रीसचं नाव टूरच्या विजेत्यांच्या यादीतून काही काळ काढलं होतं, मग खुलाशासह परत घातलं. रद्द करायचं तर देणार कुणाला, हा खरा पेच आहे. १९९४ च्या लिएजमधलं पहिलं नाव खोडलं तर खाली आर्मस्ट्राँग आहे.

संघ बंद का पडला?

कुठलीही धाड पडली नाही. माणसं गेली, मग पैसा गेला. अर्जेंतिन १९९४ मध्ये थांबला, रीस १९९५ नंतर जर्मनीच्या टेलिकोमकडे गेला. १९९६ मध्येही कामगिरी वाईट नव्हती : कोलोंबोनं मिलान–सान रेमो आणि झानिनीनं आमस्टेल गोल्ड जिंकली. बेर्झिननं टूरमध्ये पिवळी जर्सी घातली आणि व्हाल दिझेरची टाइम ट्रायल जिंकली. पण लगेच पुढच्या, बर्फामुळे ४६ किलोमीटरवर आणलेल्या सेस्त्रिएरेच्या टप्प्यात ती जर्सी त्याच्याकडून घेतली कुणी? रीसनं. त्या हंगामाअखेर गेविसनं हात काढला. एक वर्ष बातिक–डेल मोंटे नावानं रेटलं, आणि संपलं.

पुढे सगळ्यांचं काय झालं?

गोत्तीनं १९९७ आणि १९९९ चा जिरो जिंकला, दोन्ही दुसऱ्या संघांकडून. रीसनं डेन्मार्कमध्ये मोठा संघ उभा केला. बेर्झिनला १९९६ च्या त्या टूरनंतर पुन्हा काही मोठं जमलं नाही. तो इटलीतच राहिला आणि मोटारी विकण्याच्या धंद्यात पडला. २४ व्या वर्षी इंदुराइनला हरवणारा माणूस पाच-सहा वर्षांत विस्मरणात जातो, यातलं किती औषधाचं आणि किती आळसाचं यावर इटलीत अजून वाद होतात. इटालियन पत्रकार तेव्हा त्याच्या वाढत्या वजनावरच जास्त लिहायचे.

तो व्हिडिओ बघावा का?

मी बघतो. दरवर्षी एकदा तरी. तिघे भिंत चढताना दिसतात तेव्हा अर्जेंतिनची बसण्याची ढब अजूनही सुंदर वाटते. खोगिरावर स्थिर, खांदे जराही न हलणारे. मग कॅमेरा मागच्या जथ्याकडे वळतो आणि तिथले चेहरे दिसतात : तोंडं उघडी, माना खाली. आधी मी फक्त पुढच्या तिघांकडे बघायचो. हल्ली मागच्यांकडे जास्त बघतो, आणि त्यातला कोण त्या दिवशी फक्त पाणी पिऊन चढत होता, ते शोधत बसतो.